पहिला नट

बाबारावांनी गाडीच्या इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली, जुन्या बनियनच्या चिंधीने पुसली, पुन्हा आत घातली आणि पुन्हा काढली. मग ती नाकाशी नेली. उजवा हात थरथरत होता, त्यामुळे पट्टीच्या टोकाचे काळे थेंब चपलेवर, फरशीवर आणि सकाळीच घातलेल्या धुतल्या पायजम्यावर पडले.

"ऑइल जळून राह्यलं," ते म्हणाले. "पिस्टनच्या रिंगा गेल्या."

"हे तुम्ही मागच्या जयंतीपासून सांगून राह्यले," ओट्यावर तुरीची डाळ पाखडत बसलेल्या त्यांच्या पत्नी इंदूबाई म्हणाल्या. "आता तं त्या गाडीलेही पाठ झालं असंन."

समोरच्या खोलीतली शिलाई मशीन थांबली. उर्वशीने दारातून डोकावून पाहिले. ती त्यांची सून. नेर गावातल्या त्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज ती शिवत असे आणि उरलेल्या निम्म्यांच्या मशिनी दुरुस्त करून देत असे. सासऱ्यांना पट्टी परत भोकात घालता येत नव्हती. तिसऱ्या खेपेला पट्टी आत गेली, तेव्हा उर्वशीने मान आत घेतली. आपण पाहिले हे त्यांना कळू नये, एवढी काळजी ती नेहमी घेई.

गाडी पांढरी अँबॅसिडर, त्र्याहत्तर सालची. एका डॉक्टरांनी भंगारात काढलेली ही गाडी बाबारावांनी एसटीत मेकॅनिक असताना आणली आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून तिचे इंजिन एकट्याने बांधले. तेव्हापासून दर चौदा एप्रिलला मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर या गाडीवर असे आणि स्टिअरिंगवर बाबाराव. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकव्याचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, हात तेवढा हट्टाला पेटला. तरी मागच्या जयंतीला गाडी त्यांनीच काढली. भर चौकात तिने असा निळा धूर सोडला की मागचे लेझीमवाले खोकत रस्त्याच्या कडेला गेले. मग ती बंदच पडली. पोरांनी हसत, घोषणा देत ती विहारापर्यंत ढकलत नेली. पोरांना मजा वाटली. आत बसलेल्या बाबारावांना मात्र त्या दिवशी लाज वाटली, आणि ती लाज वर्ष होत आले तरी गेली नव्हती.

आता जयंतीला दोन महिने उरले होते. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलाने, संघदीपने, सगळे ठरवून टाकले होते. अमरावतीचा देवीलाल मिस्त्री रविवारी येणार, टोचन लावून गाडी नेणार, जुने इंजिन काढून डिझेलचे बसवणार. माणूस भरवशाचा. गाडी जयंतीला हमखास धावली असती. नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून तर बाबारावांना नाही म्हणता येईना.

शनिवारी सकाळी, पट्टी पुसून होते न होते तोच, संघदीपचा फोन आला.

"बाबा, देवीलाल उद्या दहा वाजता येईन. चावी देऊन द्या त्याले."

"देतो."

"मनाले लावून घेऊ नका. तुमच्या हाताचं कसं आहे—"

"हाताले काय झालं? ठीक आहे हात," बाबाराव म्हणाले आणि फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

फोन ठेवल्यावर इंदूबाईंनी सूप खाली ठेवले. "खोलायची असंन तं खोला, नाही तं देऊन टाका. रोज त्या पट्टीचा वास कायले घ्याचा?"

खोलणे बाबारावांना जमले असते. डाव्या हाताने, दिवसभर लागला असता, पण जमले असते. अडचण पुढची होती. ते आणि त्यांचे एसटीतले जुने सोबती यांच्यात एक कायदा होता, कुठेही न लिहिलेला. पहिला नट ज्याने खोलला, इंजिन त्याचे. बांधणारही तोच. दुसऱ्याने मध्येच हात लावायचा नाही. कुठला बोल्ट सैल लागला, कुठला हट्टाने निघाला, हे खोलणाऱ्याच्या हाताला कळलेले असते, आणि ते दुसऱ्याला सांगता येत नाही, असे ते म्हणत. त्यांच्या सोबत्याने, हिरासिंगने, एकदा घरी जीपचे इंजिन खोलले आणि दुसऱ्याच दिवशी पाय मोडून घेतला. महिनाभर ते इंजिन पोत्याखाली झाकून राहिले. शेवटी हिरासिंग कुबडी घेऊन आला आणि स्टुलावर बसून त्यानेच बांधले. लग्न होऊन आल्यापासून उर्वशीने ही गोष्ट वीसेक वेळा ऐकली होती. झटका आल्यापासून मात्र बाबारावांनी ती एकदाही सांगितली नव्हती.

आपण खोलू, पण बांधू शकणार नाही, गाडी उघड्या पोटाने अंगणात पडून राहील आणि येणारा-जाणारा बघेल, याची त्यांना भीती वाटत होती. सरळ भीतीच.

दुपारी ते उर्वशीच्या खोलीत येऊन बसले. शेजारच्या तानाबाई मशीन घेऊन आल्या होत्या. टाके सुटत होते. उर्वशीने खालचे सगळे काढले, साफ केले, परत बसवले, तेल सोडले आणि कापडाच्या तुकड्यावर चालवून दाखवले. टाका मोत्यासारखा पडला. तानाबाई उठल्या, आणि तेवढ्यात उर्वशीला टेबलावर एक बारीक स्क्रू दिसला.

"थांबा जरा, काकू."

"काहून? चालून तं राह्यली!"

"हा उरला."

"राहू दे ना बाप्पा, एवढासा तं आहे. मले सैपाक पडला आहे."

"कुठचा तरी असंन ना तो," उर्वशी म्हणाली आणि तिने सगळे पुन्हा खोलले. तानाबाई पुटपुटत बसल्या. अर्धा तास गेला. स्क्रूची जागा कापड पुढे सरकवणाऱ्या दातऱ्याच्या खाली, अगदी आत निघाली. तो बसवताना तिने शेवटचा आटा डोळे मिटून दिला, जोर न लावता, आणि जिथे थांबायचे तिथे थांबली.

बाबाराव हे सगळे पाहत होते. तानाबाई गेल्यावर ते उठले.

"उर्वशी, माही पेटी आन. अन् ती भोकाची फळी."

फळी त्यांनीच केलेली होती, ओळीने भोके पाडलेली. निघालेला एकेक नट ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने तिच्यात ठेवायचा. इंदूबाईंनी न सांगता जुने पातळ आणून गाडीपुढे अंथरले. ते धुतलेले आणि घडी केलेले होते, म्हणजे त्यांनी ते आधीच काढून ठेवले होते.

बाबारावांनी पेटीतून रिंगपाना निवडला. इंजिनच्या वरच्या झाकणाला दोन नट होते. पाना पहिल्या नटावर बसवायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी बसवला. मग हात काढून घेतला.

"धर."

उर्वशीला वाटले, पाना धरायला सांगताहेत. तिने धरला.

"फिरव."

तिचा हात तिथेच थांबला. "मामाजी, हा पहिला नट आहे."

"मीच सांगितलं आहे ते तुले."

"मले इंजिनमधलं काहीच समजत नाही."

"मी काय गावाले चाललो? इथंच खुर्ची टाकून बसतो." त्यांनी उजव्या हाताकडे पाहिले. "हात नाही चालत माहा. तोंड चालते."

दोन वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारले नव्हते. इंदूबाई उगाचच पातळाचे टोक सरळ करू लागल्या.

"अन् चुकलं तं?" उर्वशीने विचारले.

"तं पुन्हा खोलशीन. आत्ता तानाबाईचं खोललं तसं."

तिने पदर खोचला. नट आधी हलला नाही, मग कट्ट आवाज करून सुटला. तो आवाज ऐकून बाबारावांनी डोळे मिटले आणि इतके मनापासून हसले की उर्वशीही हसली.

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. इंदूबाईंनी घेतला.

"आई, चावी कुठं आहे ते देवीलालले—"

"देवीलालले म्हनाव, येऊ नको. गाडी खोलली."

"खोलली? आई, बाबांच्या हातानं कसं बांधलं जाईन ते? अन् आता दुसऱ्या कोनाले हातही लावू देनार नाही ते!"

"बाबांनी नाही. उर्वशीनं खोलली."

संघदीपही त्याच अंगणात, त्याच कायद्यात वाढला होता.

"मंग बाबा काय करून राह्यले?" त्याने हळूच विचारले.

इंदूबाईंनी वळून पाहिले. बाबाराव खुर्चीवर बसून पहिला नट चिंधीने पुसत होते. मग ते फळीवर वाकले. हात थरथरला, भोक दोनदा हुकले. तिसऱ्यांदा नट बसला.

"दुसरा," त्यांनी उर्वशीला सांगितले.