करंगळीचा तंतू

श्रीपादची दुर्बीण त्याच्या घरी नव्हती. खरं तर तो सूक्ष्मदर्शक, पण देवासात सगळे दुर्बीणच म्हणायचे. महूच्या छावणीतला एक गोरा डॉक्टर विलायतेला परत जाताना सामान विकून गेला. त्यात ती मिळाली, दोन जाड पुस्तकांसकट. पण घरात आई, म्हणजे अक्का. बकऱ्याचा कणा ती सोवळ्यात येऊ देणार? म्हणून दुर्बीण, बाटल्या, वस्तरा, सगळं दोस्त फत्तेसिंगच्या पागेमागच्या खोलीत. घोड्यांच्या वासात.

दिवसा तो कचेरीत टाइपरायटर बडवायचा. शाळा अर्धवट सुटलेली. वैद्यकी कुणी शिकवली नव्हती. शब्दकोश शेजारी ठेवून एकेक पान फोडलं, तेवढीच.

फोटोवाल्याकडून चांदीचा क्षार आणायचा, कण्याचे तुकडे त्यात मुरवायचे, मग पातळ चकत्या. बहुतेक वेळा नुसता काळा चिखल दिसायचा. एकदा मात्र दिसलं. पिवळ्या काचेवर एकच काळी पेशी. उपटलेल्या झाडासारखी. मधे गड्डा, भोवती फांद्या, आणि एक लांब धागा, तो थेट नजरेबाहेर गेलेला.

फत्तेसिंगने डोळा लावला. "कोळी आहे काय, भिया?"

"पेशी आहे. फांद्यांनी ऐकते, आणि या एका तंतूने पुढे सांगते."

"केवढा तंतू?"

"काहींचा हातभर. अशीच एक पेशी तुझ्या मानेजवळ कण्याशी बसलीय, आणि तिचा तंतू करंगळीत. करंगळीला चटका बसला की खबर त्याच तारेने वर."

"म्हणजे बाई बसली देवासात नि शेपूट टोंकखुर्दात!" फत्तेसिंग हसला. टोंकखुर्दला त्याचा मळा होता.

श्रीपादही हसला. पुढे हे वाक्य त्याला सारखं आठवायचं.

त्याच वर्षी थंडीत फत्तेसिंगच्या बायकोची, मालनची, करंगळी तव्याला चिकटली. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा सासूने ओढून काढली. मालनला कळलंच नव्हतं.

दरबारच्या डॉक्टरला बोलवायला फत्तेसिंग तयार नव्हता. देवासात राजे दोन, पाती दोन, थोरली नि धाकटी, आणि गाव एकच. बातमी दोन्हीकडे पोचली असती. "तूच बघ पंडित. पण बाहेर शब्द नको."

मराठ्याचं दरबारी घर. पडदा कडक. श्रीपाद सतरंजीवर बसला, आणि पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला. मनगटापर्यंत. तेवढाच. त्याने सुई टोचली. अंगठा कळला, मधलं बोट कळलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट, काही नाही. जणू मधोमध रेघ मारलेली. त्याने पुस्तकात हे वाचलं होतं. अगदी हेच. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. पुस्तकातलं समोर दिसल्याचा.

अंगणात येऊन तो म्हणाला, "महारोगात असं होतं."

"महारोग?"

"असू शकेल."

घरात शिरेपर्यंत 'असू शकेल' गळून पडलं होतं.

मालनला टोंकखुर्दच्या मळ्यावर पाठवलं. वेगळी झोपडी, वेगळं मडकं, भाकरी दुरून ठेवायची. तिच्या वर्षाच्या मानाजीला आजीने ठेवून घेतलं. पोर अजून अंगावर पीत होतं. श्रीपाद पागेत येऊन काचा घासत बसला की त्याचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मग ते थांबलं. तेच जास्त लागलं.

दोनेक महिन्यांनी फत्तेसिंग खोलीत आला आणि टेबलावर सोन्याची वाकी टाकली. कापलेली.

"सोनाराकडून आणली. आईने तेव्हा दागिने उतरवून घेतले ना. ही निघेचना. कापावी लागली."

"निघत कशी नाही? दंडातली वाकी."

"आमच्याकडे लग्नात सासू चढवते नि सोनार तिथंच खिळा ठोकतो. नवरा असेपर्यंत उतरवायची नाही. चौदा वर्षांची होती तेव्हा. आता बाळंतपणानंतर दंड भरला, तर रुतून बसलेली. खाली नुसता खड्डा पडलाय."

श्रीपादने वाकी उचलली. कापलेली टोकं जुळवून आपल्या दंडावर नेऊ लागला. कोपराच्या पुढे ती जाईना. जिथं अडकली, तिथं आतल्या बाजूला त्याने बोटाने दाबलं. करंगळीपर्यंत झिणझिणी गेली.

तो खाली बसला.

पेशी मानेजवळ. तंतू करंगळीत. मधे एवढा हात. आणि आपण बघितलं काय, तर पडद्याबाहेरचा पंजा! फत्तेसिंग हसत म्हणाला होता, बाई देवासात नि शेपूट टोंकखुर्दात. मधला रस्ता कुणी बघायचा?

"काय झालं रे?" फत्तेसिंग म्हणाला.

"काही नाही."

हे 'काही नाही' त्याने आठवडाभर सांभाळलं. आधी खात्री करू, मग बोलू, असं स्वतःला सांगत. खरं म्हणजे भीती वाटत होती. मग एका सकाळी कचेरी बुडवून, फत्तेसिंगला ओढून, तो मळ्यावर गेला.

मालन झोपडीबाहेर गोवऱ्या रचत होती. पदर खांद्यावरच. श्रीपादने सवयीने मान फिरवली.

"इकडे बघा श्रीपादराव," ती म्हणाली. "आता पडदा कसला? पडद्यात माणसं असतात."

फत्तेसिंग जमिनीकडे बघत राहिला.

श्रीपादने दंड बघितला. वाकीचा खड्डा अजून होता. वरच्या कातडीला चट्टा नाही, कुठे गाठ नाही. त्याने खड्ड्याच्या आतल्या कडेवर हलकेच टिचकी मारली. मालनने हात झटकला.

"काय केलंत? करंगळीत मुंग्या आल्या!"

"करंगळीत? नक्की?"

"माझी करंगळी मला कळत नाही होय? म्हणजे, नव्हती कळत." ती आपल्या बोटाकडे बघायला लागली.

श्रीपाद म्हणाला, "वहिनी, तुम्हाला महारोग नाही. वाकीने तंतू चेपला होता. वरची पेशी जिवंत आहे, चेपला तिथून तंतू परत वाढत खाली येईल. सावकाश. मी... मी हात पुरा बघितला नव्हता."

तिने हातातली गोवरी खाली ठेवली. मग म्हणाली, "बघायला मागितला होतात?"

"नाही."

"मागितला असता तर दाखवला असता."

फत्तेसिंगने त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने नुसतं घोड्याचं खोगीर आवळलं.

देवासात परतल्यावर उमाबाई, फत्तेसिंगची आई, पडद्याआडूनच बोलल्या. "म्हणजे माझ्या वाकीने केलं?"

"वाकीने नाही केलं वनवासाला धाडायचं. ते माझ्या शब्दाने केलं."

"शब्द तुमचा. तेव्हाही तुमचाच होता, आत्ताही तुमचाच. कोणता धरू?"

 दुर्बीण आणून दाखवली असती, तर त्यांना काळा कोळी दिसला असता.

"तिच्या हातची भाकरी खा," पडद्याआडून आवाज आला. "त्याच हाताची. चौकात बसून, सगळ्यांसमोर. तुम्ही खाल्लीत तर मी खाईन."

"आई!" फत्तेसिंग दचकला. "बामण आहे तो. घरी घेतील का त्याला?"

"मग माझी सून कोण होती?"

श्रीपाद म्हणाला, "बोलवा त्यांना."

दुसऱ्या दिवशी मालन गाडीतून उतरली. चुलीपुढे बसली. डाव्या हाताने परात धरली, उजव्या हाताने, त्याच हाताने, भाकरी थापली. करंगळी वेगळी राहत होती, पीठ तिच्याखाली जाड राहत होतं. भाकरी एका बाजूला जाडच झाली. ती तिने त्याच्या पानात वाढली. दारात शेजारी जमले होते. श्रीपादने तुकडा मोडला आणि खाल्ला. मग दुसरा. पडदा सरला, उमाबाई बाहेर आल्या, आणि उरलेल्या भाकरीतला घास त्यांनी उभ्यानेच तोंडात घातला.

मालनने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने मानाजीला घ्यायला हात पुढे केले. पोर आजीच्या लुगड्याला चिकटलं आणि किंचाळलं.

घरी बातमी श्रीपादच्या आधी पोचली होती. अक्काने ओसरीवर पत्रावळ मांडली, वरून भात टाकला, हात लागू न देता. प्रायश्चित्त घे म्हणून भटजी दोनदा येऊन गेले. श्रीपाद म्हणाला, बघू. ओसरीवर जेवायला त्याला वाईट वाटत नव्हतं. उलट वाईट वाटत नाही याचंच वाईट वाटायचं. आपली ओसरी घरालाच लागून होती. तिची झोपडी कैक कोसांवर.

पावसाळा गेला. ज्वारी उभी राहिली. एका दुपारी फत्तेसिंग धावत कचेरीत आला, टाइपरायटरवर हात आपटला.

"भिया! सकाळी तवा लागला तिला! करंगळीला! केवढी ओरडली, पागेतले घोडे बुजले. आई साखर वाटतेय."

श्रीपाद उभाच राहिला. तंतू पोचला होता. दंडातल्या खड्ड्यापासून करंगळीपर्यंत, अर्धा हात चालत.

"फार भाजलं?" त्याने विचारलं.

"नाही रे, जरासं. पोर घाबरलं तेवढं तिच्या ओरडण्याने. पळत सुटलं."

"कुणाकडे?"

"आईकडे," फत्तेसिंग म्हणाला, आणि मग सावकाश, "म्हणजे माझ्या आईकडे."

श्रीपाद परत खुर्चीवर बसला. कागद यंत्रात अर्धाच होता. त्याने बोटं कळांवर ठेवली, पण बराच वेळ एकही दाबली नाही.