थंडीआधीची लाली

"थंडीचा पत्ता न्हाई, अन् पाला लाल कसा झाला गं?" मी कुंपणावरनं विचारलं.

"तुमच्या डोळ्यात भरावा म्हणून, आक्का!" रुक्मिणी फणकारली अन् तिनं वाफ्यात कळशी पालथी केली.

रुक्मिणी माझी धाकटी जाऊ. तिच्या हट्टापुढं देवानंबी हात टेकलेत. महाळुंग्यातल्या आमच्या रानात कंपन्यांच्या शेडा उभ्या ऱ्हायल्या, माती म्हणून उरली ती घरामागच्या परड्यातली. तिचा लेक गणराज हिंजवडीला गाडी चालवतो. त्याला कुण्या मॅडमनं बियांच्या दोन पुड्या दिल्या, एक चिकोरीची, ती हिरवी पालेभाजी, अन् एक तिच्याच जातीतल्या लाल रॅडिकिओची. "रॅडिकिओ कोबीवाणी गड्डा धरतो, आये. थंडी पडली की लालबुंद होतो. चवीला कडू."

"कडूच खायचं तर कारली काय मेली हुती?" मी म्हणले.

पण रुक्मिणीनं ते बारीक बी वाळूत मिसळून फोकलं. वर चाळलेलं शेणखत भुरभुरलं, ओलं गोणपाट झाकलं. कोंब आल्यावर दाट रोपं उपटून विरळ केली. लेकरासारखं जपलं, खोटं कशाला बोलू?

आता दिवाळी झाली तरी अंगाला घाम, अन् गड्डा धरायच्या आधीच पाला लाल. कडा करपलेल्या. आमच्या हिरीच्या पाण्यावर रोज सकाळी तेलाचा तवंग, अन् हिरीला खेटून कारखान्याची भिंत.

"पाणी बाधतंय बघ," मी म्हणायची.

"फडक्यानं गाळलं की झालं," ती म्हणायची.

त्या दिवशी शेजारची कमरुन्निसा परड्यात आली. तिचा नवरा नूरमोहम्मद चाकणच्या रस्त्याला पंक्चर काढतो, पण दसऱ्यापासनं काविळीनं अंथरुणाला खिळलेला. चिकोरी बघून ती हरखलीच. "भाभी, ही तर कासनी! दवाखान्याचं औषध चालूच हाय, पण माझी नानी काविळीला हिचाच रस द्यायची. थोडी देता का?"

पहिला तोडा आधी शेजारी द्यायचा, मग आपल्या चुलीवर. वानवळ्याची ही रीत आमच्यात कुणी मोडत न्हाई. रुक्मिणीनं पितळी भरून चिकोरी दिली, वर लाल पानंबी ठेवली. घरात अजून कुणी चाखलं नव्हतं.

दुपारी तिनं उरलेला पाला शेळीपुढं टाकला. कडुनिंब ओरबाडणारी शेळी ती, पण पाला हुंगला अन् दाव्याला हिसका देऊन मागं सरली. रुक्मिणीनं एक रोप उपटलं. मुळं काळीठिक्कर. मातीत गांडूळ औषधाला न्हाई, अन् हाताला डांबरासारखा वास.

"आक्का, म्या पापिणीनं आजारी माणसाला हे दिलं!" म्हणत ती अनवाणी पळाली. मी तिच्या मागं.

दिलेला वानवळा परत मागायचा, असं आमच्या गावात कधी ऐकलं न्हाई. पण रुक्मिणीनं दारातनंच हाळी दिली, "कमरुन, तो पाला फेकून दे! त्यात त्या हिरीचं पाणी हाय!"

कमरुन्निसा रिकामा पेला घेऊन बाहेर आली. "दिला की मगाशीच. पेलाभर दिला."

रुक्मिणी उंबऱ्यावरच मटकन बसली अन् रडाय लागली. कमरुन्निसानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिनं कोपऱ्यातल्या घागरींकडं बघितलं.

"भाभी, पाला आज आला. कावीळ दसऱ्यापासनं हाय. होळीपासनं नळाला पाणी न्हाई, तवापासनं आमी बी तुमच्याच हिरीचं पितो."

आमी तरी कुठलं पीत हुतो?

तेवढ्यात तिची सून सना ताटलीत पाण्याचे दोन पेले घेऊन आली. दारी आलेल्याला आधी पाणी, ही तिचीबी रीत. "घ्या ना चाची, आत्ताच हिरीवरनं भरून आणलंय."

आमचा कुणाचा हात पुढं होईना.

"मग मीच पिते बाई, उकडतंय किती!" सना हसली अन् तिनं पेला तोंडाला लावला.

"ए पोरी, नगं!" रुक्मिणीनं झडप घालून पेला उडवला. तवर निम्मा पिऊन झालता. सना पोटावर हात धरून आमच्याकडं बघत ऱ्हायली. सातवा महिना लागलाय तिला. सगळे दिवस ह्याच हिरीच्या पाण्यावर गेलेत.