विश्वासाचा तास

संस्थेत दर शनिवारी 'विश्वासाचा तास' असायचा. खुर्च्या गोल मांडायच्या, मोबाइल टोपलीत टाकायचे आणि मनात साचलेलं बोलून मोकळं व्हायचं. संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे 'मोठ्या ताई' म्हणत. त्या म्हणायच्या, "बोला गं. आपण घरचीच माणसं. इथलं इथेच राहील."

एका शनिवारी तिथली एक कार्यकर्ती बिचारी भाबडेपणानं बोलून गेली. घरी मार खाणाऱ्या बायकांचे फोन घ्यायचं तिचं काम. आई गेल्यापासून एखादी बाई फोनवर रडायला लागली की आपल्यालाही भरून येतं, एवढंच ती म्हणाली. मोठ्या ताईंनी तिला जवळ घेतलं, डोळे पुसले. आणि सोमवारी विश्वस्तांच्या बैठकीत सांगितलं, "तिचं मन थाऱ्यावर नाही. फोनवरून काढलेलं बरं." तिच्या खुर्चीत ताईंची भाची बसली आणि तिला गोदामात देणगीचे जुने कपडे निवडायला धाडलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच! नोकरी गेली असती तर एवढं लागलं नसतं, पण तिनं ताईंना खरोखरच आपलं मानलं होतं.

"मी राजीनामा देते," ती घरी सासूबाईंना म्हणाली. "गाजावाजा नको. काम चांगलं आहे, उगाच संस्थेचं नाव खराब व्हायचं."

सासूबाईंची हयात इस्पितळात नर्स म्हणून गेलेली, बोलणं फटकळ. भाजी चिरता चिरता त्यांनी विचारलं, "तुला फोन करणारी बाई आधी काय म्हणते गं?"

"घराची अब्रू जाईल म्हणून इतके दिवस गप्प बसले, म्हणते."

"मग तू तिला काय सांगतेस?"

"गप्प बसू नका, बोला," सूनबाई म्हणाली.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! अगं, पगार मिळतो त्या जागेला घर म्हटलं की जाब विचारायची लाज वाटते. म्हणून तर वरचे लोक तिला घर म्हणतात."

शनिवारी नुकतीच लागलेली एक मुलगी बोलायला लागली, "माझ्या घरी जरा..."

"थांब," सूनबाई तिला म्हणाली. "इथलं इथे राहत नाही. माझं राहिलं नाही. ताई, माझं दुःख तुम्ही विश्वस्तांपुढे नेऊन मांडलंत."

"आपल्याच घरात असं बोलतात का?"

"हे घर नाही, ताई. आणि घर असतं तरी बोलले असते."

मग मान खाली घालून बसणारे हिशेबनीस घसा खाकरून म्हणाले, "माझ्या दारू सोडण्याचंही असंच बाहेर गेलं होतं. मी गप्प बसलो. चुकलो."

"मी संस्थेच्या भल्यासाठीच..." ताई पुटपुटल्या.

विश्वस्तांनी सगळ्यांचं ऐकावं, तोवर हा तास बंद, असं त्याच दिवशी ठरलं. विश्वस्तांनी ऐकलं. तिला तिचं फोनवरचं काम परत मिळालं, ताईंनी माफीही मागितली. पण त्यांनी पुन्हा जवळ घेतलं तेव्हा तिचं अंग आखडलं.

मंडळी, चांगल्या कामाच्या आडून झालेला अन्यायही अन्यायच असतो. दुसऱ्याच्या घरातल्या बाईला बोलती करायला निघालेल्यांनी आधी आपल्या कचेरीत तोंड उघडावं.