कॉलरच्या आतली नावं

मी एक डगला. खाकी, गुडघ्यापर्यंत लांब, तीन खिशांचा. आमच्या केरिचोत मला डस्टकोट म्हणतात. नाव काहीही घ्या, चहाच्या कारखान्यात माझ्यावाचून पान हलत नाही. आता विरलोय, कोपरांना ठिगळं आहेत, पण म्हणून मला जुनेर समजू नका. माझ्या कॉलरच्या आत नऊ नावं शिवलेली आहेत. त्यातलं पाचवं कसं आलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

केरिचोच्या बाजारात, दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसणाऱ्या एका शिंप्यानं मला शिवलं. कंपनी तेव्हा दरवर्षी कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले चार उमेदवार घ्यायची. अर्ज पोत्यानं यायचे. निवडलेल्या चौघांना दोन वर्षं सगळीकडे फिरवायचे: आधी कारखाना, मग मळा, मग मोंबासाचा लिलाव, शेवटी नैरोबीचं ऑफिस. जो यातून तरला, त्याचा उभा जन्म मार्गी लागला म्हणून समजा.

पण सुरुवात आमच्यापासून. उमेदवाराला नवा डगला मिळत नसे, आधीच्याच्या अंगावरून उतरलेला मिळायचा. कारखान्यातले महिने संपले की मुकादम ठरवायचा. त्याचं मन भरलं तर तो पोती शिवायच्या दाभणानं उमेदवाराचं नाव कॉलरच्या आत घालायचा. नाही भरलं तर कॉलर कोरी आणि उमेदवार घरी. साहेबसुद्धा यात बोलत नसत. मला तोवर सहाजणांनी घातलं होतं, नावं मात्र चौघांचीच होती.

सातवी आली चेलांगत. आमच्याच मळ्यात पानं खुडणाऱ्या बाईची मुलगी, नैरोबीहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेली. पहिल्या सकाळी पानं मोजायच्या शेडपाशी तिची आई पाठीवर टोपली घेऊन उभी होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मोठा होतोय गं हा तुला," ती म्हणाली.

"होईल बरोबर."

"डगला होईल, की तू होशील?"

चेलांगत हसली, पण माझ्या खिशात तिची बोटं गार पडली होती. सगळा मळा बघत होता ना. खुडणाऱ्या बाईची पोर कोरी कॉलर घेऊन परत आली असती, तर लोकांनी वर्षभर तोंडी लावायला घेतलं असतं.

मुकादम होता ओम्वेंगा. किसी भागातला, बुटका, तीस वर्षं पानात काढलेला. त्याला सगळे म्झे म्हणायचे, वडीलधाऱ्याला आमच्याकडे असंच म्हणतात. त्याचा जीव दोनच गोष्टींत, चहात आणि गावाकडच्या केळीच्या बागेत. चेलांगतच्या मनगटावरचं घड्याळ बघून त्यानं पहिल्याच दिवशी नाक मुरडलं.

"शिकलेली पोरं पान बघत नाहीत, काटा बघतात," तो म्हणाला.

"म्झे, पुस्तकात वेळ दिलीय."

"पुस्तकाला थंडी वाजते का, पोरी?"

तिला ते काही पटलं नाही. सांगतो, आमच्याकडे काय करतात ते. कापलेलं हिरवं पान ट्रॉलीत भरतात, खालून वारा सोडतात. पान हळूहळू तांबूस होतं, वास पालटतो. तो क्षण गाठून भट्टीत ढकलायचं. लवकर ढकललं तर चहा कच्चा, उशीर झाला तर मेलेला. ओम्वेंगा ट्रॉलीवर वाकून नाकानं ठरवायचा. चेलांगत घड्याळ लावून बसायची आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत तिचं बरोबरच येत गेलं. त्यामुळे ती जास्तच ताठ झाली.

मग जुलै आला. केरिचोचा जुलै, धुकं पार कारखान्यात शिरतं. त्या सकाळी ओम्वेंगा बिघडलेल्या पंख्यापाशी गेला होता. जाताना म्हणाला, "मी येईपर्यंत हात लावू नकोस." काटा ठरल्या जागी आला, म्झे आला नाही. चेलांगतनं मूठभर पान उचललं, बघितलं, माझ्या खिशात टाकलं आणि हुकूम सोडला. "ढकला." चौदा ट्रॉल्या भट्टीत गेल्या. गारठ्यानं पान मागं राहिलं होतं, हे माझ्या खिशाला कळत होतं. ते पान अजून गवतासारखं ओलं, हिरवं होतं. पण माझं कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी वाचिरा साहेबांनी चव घेतली. ते कारखान्याचे मॅनेजर. चमचा तोंडाला लावून फुर्रकन ओढला, थुंकले, पुन्हा ओढला.

"हे काय पाजताय मला? गवत उकळलंय."

पाळीच्या वहीत नाव ओम्वेंगाचं होतं. चेलांगत भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिच्या अंगावर होतो, तिचं काळीज कसं धडधडत होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. गप्प बसली असती तर निभावलं असतं. बोलली तर कॉलर कोरी, आणि आईची मान खाली. जेवणाच्या सुट्टीत तिनं मक्याच्या उगालीला हातसुद्धा लावला नाही. माझ्या खिशातलं ते सुकलेलं पान मुठीत धरून ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, ते माझ्यामुळे झालं. म्झेंनी थांब म्हटलं होतं. मी घड्याळावर गेले. त्यात माझ्या आईनं खुडलेलं पानही होतं."

वाचिरा साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, काय लावलंय तुम्ही लोकांनी? म्झे सकाळीच येऊन सांगून गेलेत, चूक त्यांची. या कारखान्यात एरवी चुकीला बाप सापडत नाही, आज एका चुकीला दोन-दोन."

त्यांनी ओम्वेंगाला बोलावून घेतलं. तो आला तो चेलांगतवरच उखडला.

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला? मला दोन वर्षांनी केळीत जाऊन बसायचंय. मला बोल लागला काय नि नाही काय. तुझं सगळं आयुष्य पुढं आहे."

"तुमच्या नावावर डाग ठेवून ते आयुष्य मी कसं काढू, म्झे?"

साहेब म्हणाले, "म्झे, कॉलर तुमच्या हातात आहे. मी यात पडत नाही."

बाहेर आल्यावर ओम्वेंगानं हात पुढं केला. "घड्याळ काढ." तिनं काढून दिलं. त्यानं ते माझ्या छातीच्या खिशात सारलं आणि वर बटण लावलं. "मी सांगेपर्यंत ते तिथंच राहील. आता डोळे मीट आणि वाक. काय वास येतो?"

"काही नाही."

"मग उद्या पुन्हा वाक."

किती दिवस गेले असे. घड्याळ माझ्या खिशात टिकटिक करत बसायचं, मला मोठी सोबत होती ती. एकोणिसाव्या दिवशी चेलांगत ट्रॉलीवर वाकली आणि तशीच थांबली. "म्झे, पिकलेल्या पेरूसारखा." ओम्वेंगा म्हणाला, "पेरू कसला, केळं आहे ते." या एका गोष्टीवर त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

डिसेंबरात त्यानं तिचे डोळे फडक्यानं बांधले आणि तीन ट्रॉल्यांपुढून चालवलं. मधल्या ट्रॉलीवर तिनं हात ठेवला. त्यानं दाभण काढलं, सुतळी ओवली, मला उलटं केलं आणि एकेक टाका घालत बसला. दाभण टोचतं हो, खोटं कशाला बोलू? पण तेव्हाचं टोचणं मला अजून गोड वाटतं. घड्याळ परत द्यायला गेला, तर ती म्हणाली, "तुमच्याकडेच राहू दे, म्झे." संध्याकाळी आईनं कॉलर उलटून नाव चाचपलं. तिला वाचता येत नव्हतं. "डगला झाला की बरोबर," एवढंच म्हणाली.

चेलांगत पुढं गेली. मळा, मोंबासा, नैरोबी. मग याच कारखान्याची मॅनेजर, पुढं कंपनीच्या साऱ्या कारखान्यांची प्रमुख. मला तिच्यामागून आणखी चार नावं मिळाली. ओम्वेंगा निवृत्त झाला त्या दिवशी त्यानं ओवलेलं दाभण माझ्याच कॉलरखाली खोचून ठेवलं आणि गेला. पुढं नैरोबीत कुणाच्या तरी डोक्यात आलं, उमेदवार घडवत कोण बसतो, बाहेरून तयार माणसं आणू. योजना बंद पडली. मी कोठीच्या दाराआड खिळ्याला लटकलो. एकदा खिशात उंदरानं पिल्लं घातली. माणसांच्या उबेची सवय लागलेल्याला असं लटकणं फार जड जातं.

परवा दार उघडलं. केस पांढरे झालेले, पण हात मी ओळखले. चेलांगत. पुढच्या महिन्यात ती निवृत्त होणार. जाण्याआधी भांडभांडून तिनं योजना पुन्हा सुरू करून घेतली होती. तिनं मला झटकलं, कॉलर उलटली आणि "आई गं" म्हणून बोट तोंडात घातलं. दाभण तिथंच होतं, सुतळीसकट. मग तिनं ते पुसलं आणि पुन्हा जागच्या जागी खोचलं.

मागे एक मुलगी उभी होती, नेकेसा, पहिली नवी उमेदवार. मी तिच्या अंगावर गेलो. तिलाही मी मोठाच झालो.

"मॅडम, आता वेळ संगणक सांगतो," नेकेसा ट्रॉल्यांपाशी आल्यावर म्हणाली. "माझ्या फोनवरही येते."

"हो का? फोन दे." चेलांगतनं तो माझ्या छातीच्या खिशात टाकला आणि बटण लावलं. "आता डोळे मीट. वाक. काय वास येतो?"

नेकेसा बराच वेळ वाकून राहिली. "काहीच नाही, मॅडम."

"मग उद्या पुन्हा वाक."

तर आता मी पुन्हा कामाला लागलोय. खिशात टिकटिक नाही, मधूनच काहीतरी थरथरतं, त्याचीही सवय होईल. तुमच्यापाशी एकच मागणं आहे. मला खुशाल धुवा, ठिगळं लावा, पण या पोरीला घाई करू नका. कॉलरमध्ये नवव्या नावाखाली बोटभर जागा आहे, आणि दाभणात सुतळी ओवलेली आहे.