जेवढी नावं तेवढ्या खिडक्या

हिंगणवाडीच्या शाळेत फळ्यावर उमेदवारांची जेवढी नावं असतील, तेवढ्याच खिडक्या सभेच्या खोलीला राहतात. कुणी नाव मागे घेतलं की ते पुसलं जातं, एक खिडकी जाते, खोली तेवढी आखूड होते आणि छत हातभर खाली येतं. गावात याचं कुणाला नवल नाही. शाळा समितीचा अध्यक्ष बिनविरोध निवडायचा हा गावाचा मान. सत्तावीस वर्षांत एकदाही मतदान झालेलं नाही, आणि मानासाठी माणसानं थोडं वाकलं तर बिघडलं कुठं, असं सगळे म्हणतात. दर वेळी सभा संपली की लोक ओणवे होऊन बाहेर येतात, गुडघे झटकतात आणि पेढे खातात. पंधरा दिवसांत खोली पुन्हा पहिल्यासारखी लांब होते. शाळा मात्र होत नाही. सातवीपर्यंत होती ती सहावीवर आली, मग पाचवीवर. आता चौथीपर्यंत उरली आहे.

यंदा फळ्यावर सात नावं लागली आणि तिथंच लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पहिलं नाव दौलततात्यांचं, ते तर ठरलेलंच. शेवटचं होतं वैजयंता लोखंडेचं. ही पिठाची गिरणी चालवणारी बाई. दिवसभर पट्ट्याच्या खडखडाटावरून बोलायची सवय, त्यामुळे कानात सांगायची गोष्टसुद्धा ती चार घरांना ऐकू जाईल अशी सांगते. तिला अनुमोदन दिलं होतं शेजारच्या भास्करनं, वेल्डिंगवाल्यानं. अनुमोदकाचं मन फिरलं तर नाव पुसायचा हक्क त्यालाही आहे, हाही इथला जुना नियम.

अध्यक्षपदाची हौस तिला नव्हतीच. पण तात्यांच्या खिशात कागद तयार होता. मुलांची संख्या कमी आहे, शाळा बंद करावी, मुलांना हायवेपलीकडच्या शाळेत घालावं, असा कागद. अध्यक्षाची सही पडली की विषय मिटला. वैजयंताची कार्तिकी तिसरीत होती. त्या हायवेवर चांगली बापय माणसं जीव मुठीत धरून पलीकडे जातात. आठ वर्षांच्या पोरीला तिथून रोज दोनदा पाठवायचं नव्हतं, म्हणून तिनं नाव लावलं होतं.

सभा अकराला सुरू झाली. खोलीत साठेक पालक सतरंजीवर दाटीवाटीनं बसले, मुलं मैदानावर सोडली होती. तात्या उठले आणि एकेकाजवळ जाऊन बसू लागले. ते ओरडत नाहीत, धमकी देत नाहीत. खांद्यावर हात ठेवून घरच्यांची विचारपूस करतात, बस्स. पहिल्या माणसाला त्यांनी विहिरीचं पाणी कसं आहे एवढंच विचारलं. तो उठला, आपलं नाव पुसलं आणि जागेवर येऊन मान घालून बसला. मागची खिडकी गेली, छत उतरलं. खैरनार सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, पंखा बंद करायला सांगितला, कारण तो आता उभ्या माणसाच्या डोक्याला लागला असता.

दुसरं नाव गेलं. तिसरं गेलं. माणसं न सांगता सरकून एकमेकांना चिकटली. अंगणवाडीच्या निर्मलाताईंनी चौथं नाव पुसलं तेव्हा त्यांच्या खिडकीत त्यांच्या मुलाचा डबा ठेवलेला होता. खिडकी गेली तसा डबाही भिंतीत गेला, नुसता कडीचा तुकडा बाहेर राहिला. निर्मलाताईंनी तो दोनदा ओढून पाहिला आणि सोडून दिला.

पाचवं नाव गेल्यावर उभं राहायची सोय उरली नाही. छत बसलेल्या माणसांच्या केसांना लागत होतं आणि दार पोत्याच्या तोंडाएवढं झालं होतं. दोनच खिडक्या राहिल्या. एक तात्यांची, रस्त्याकडची. दुसरी वैजयंताची, मैदानाकडची, पाटीपेक्षा थोडी मोठी. तिच्या गजांना धरून कार्तिकी कधीची उभी होती.

"आई, झालं का?"

"नाही अजून. सावलीत जा."

ती गेली नाही. वैजयंतानं त्या बोटांकडं पाहिलं, मग भिंतीतल्या त्या कडीकडं. आपलं नाव गेलं तर ही खिडकी जाणार होती. पोरीला हात काढ म्हणून तिनं दोनदा बजावलं, डोळे वटारले, पण कार्तिकी तिच्यावरच गेलेली, ऐकेल तर शपथ.

तात्या गुडघ्यांवर रांगत तिच्याजवळ आले. दम लागला होता तरी त्यांनी गिरणी कशी चाललीय ते विचारलं. वैजयंतानं सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की गिरणी छान चाललीय, नाव मागे घेणार नाही, मतदान घ्या. सत्तावीस वर्षांत हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारला नव्हता. तात्यांनी मान हलवली आणि ते रांगत भास्करकडं वळले. भास्करचं वेल्डिंगचं दुकान तात्यांच्या जागेत आहे, हे सांगायला नकोच.

खैरनार सर बिचारे नियमाचे माणूस. मागणी झाली म्हणजे घ्यावंच लागेल, म्हणाले. वैजयंता म्हणाली, मग मैदानात चला, इथं हात कसे वर होतील? सरांनी वही चाळली. सभा ज्या खोलीत सुरू झाली तिथंच ती संपली पाहिजे, असं लिहिलेलं होतं. त्यांनी कागद मांडीवर घेतला, दोन नावं लिहिली आणि पुढं रकाने आखले.

"वैजयंता लोखंडे यांच्या बाजूनं जे असतील, त्यांनी हात वर करा."

कुणाचाच हात वर झाला नाही. होणार कसा? जागाच नव्हती. निर्मलाताईंचा पंजा कानापर्यंत आला आणि छताला थटून परत खाली गेला. मागं एक म्हातारे आजोबा कोपर उचलायची खटपट करत होते, ते शेजाऱ्याच्या बरगडीला लागलं. ही सगळी माणसं काल संध्याकाळी गिरणीवर येऊन वैजयंताला शब्द देऊन गेली होती, आणि ती खोटं बोलली नव्हती, हे तिला आत्ता समोर दिसत होतं.

"हात वर नाहीत," तात्या शांतपणे म्हणाले. "म्हणजे विरोध नाही."

भास्कर तोवर फळ्याशी पोचला होता. फळा जमिनीला टेकला होता, त्यामुळे तो बसल्या बसल्याच पुसत होता. त्याचं तोंड भिंतीकडं होतं. त्यानं मागून सुरुवात केली. लोखंडे गेलं, तशी खिडकीची चौकट दोन्ही बाजूंनी आत आली आणि कडेचे दोन गज विटांत शिरले. वैजयंता ओरडली, "भास्करभाऊ, पोरगी आहे तिथं!" तिला पुढं सरकता येईना, पाच माणसं मधे होती. भास्करचे खांदे हलत होते. तो रडत होता आणि पुसत होता.

सरांनी नियमाप्रमाणं शेवटचं एकदा विचारलं. आवाज थोडा चढवून, वर्गात विचारतात तसं.

"हात वर करा."

बाहेर मैदानावरचा गलका एकदम थांबला. खैरनार सरांनी हात वर करा म्हटलं की मुलं हात वर करतात. कार्तिकीनं उरलेल्या दोन गजांमधून हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि सरळ वर धरला. खिडकीच्या कोनाड्यात तेवढीच काय ती उंची राहिली होती. खोलीतल्या साठही माणसांनी मान वळवता येईल तेवढी वळवून तो पाहिला. बोटांना खडू लागलेला होता.

सरांनी पेन्सिल कागदावर टेकवली. छतामुळं त्यांची हनुवटी छातीला लागली होती.

"हा हात मी कुणाच्या नावापुढं मोजू?" त्यांनी विचारलं.

भास्करचा हात थांबला. फळ्यावर नुसतं 'वै' उरलं होतं, आणि खिडकीत नुसता हात.