डावखुरा कॅचर

माझा मुलगा डेल डावखुरा आहे, आणि बेसबॉलमध्ये तो बॅटरच्या मागे उकिडवा बसून पिचरचे चेंडू झेलतो. झालं, एवढ्यावरच लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. डावखुरा कॅचर कुठल्याच कॉलेजला नको असतो. का, तर तिसऱ्या बेसवर फेकायला त्याला अख्खं अंग वळवावं लागतं आणि तेवढ्यात पळणारा पोचतो म्हणे. आमच्या ओक्लाहोमात हे कोणीही सांगेल, पेट्रोल पंपावरचा माणूससुद्धा.

टल्सातल्या कॉलेजच्या निवड चाचणीत कोच प्रुइटनी डेलच्या उजव्या हातातला ग्लव्ह बघितला आणि त्याला थेट पिचरच्या जागी उभं केलं. थोडे चेंडू टाकून घेतले आणि खुलून आमच्याकडे आले.

"डावखुरा पिचर मला हवाच आहे. शिष्यवृत्ती देतो, फीची चिंता सोडा. फक्त ते मागे बसणं बंद."

माझा जीव भांड्यात पडला. मी शाळेची बस चालवते, डेलचा बाप कधीच निघून गेलाय. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर पोरगा माझ्या भावाच्या टायरच्या दुकानात, हे ठरलेलंच होतं.

"नाही कोच," डेल म्हणाला. "मी कॅचर आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मॅडम, तुम्ही तरी समजवा याला."

मी तोंड उघडलं ते पोराला झापायलाच. पण हा माणूस हसत होता, शेंबड्या पोराच्या हट्टाला हसावं तसा. अख्खा हिवाळा बसच्या शेडमध्ये मीच डेलला चेंडू टाकले होते. बोटं बधिर व्हायची, तरी हा वळून वळून फेकतच राहायचा. माझी जीभ भलतीकडेच वळली.

"तुम्ही त्याला तिसऱ्यावर फेकताना बघितलंत?"

"त्यात काय बघायचं? डावखुरा आहे तो."

"आधी बघा. 'नाही' काय, नंतरही म्हणता येईल."

प्रुइटनी सगळ्यात वेगवान पोराला दुसऱ्या बेसवर उभं केलं. तो तिसऱ्याकडे सुटला. डेल उठतानाच वळला होता. चेंडू आधी पोचला. "पुन्हा," प्रुइट म्हणाले. पुन्हा बाद. तिसऱ्या वेळी मात्र पळणारा कसाबसा वाचला. प्रुइट आता हसत नव्हते.

"माझ्याकडे दोन कॅचर आहेत," ते डेलला म्हणाले. "तू तिसरा. छदाम मिळणार नाही, वर्षभर बाकावर बसशील. पिचर झालास तर शिष्यवृत्ती अजून आहे. बोल."

डेलनं माझ्याकडे बघितलं. फी कोण भरणार हे त्याला ठाऊक होतं. एवढ्या हट्टी पोराच्या डोळ्यांत मला भीती दिसली आणि गलबलून आलं.

"माझ्याकडे काय बघतोस? बाक तुला झिजवायचाय," मी म्हणाले. "फीसाठी मी सुट्टीतल्या बसफेऱ्याही घेईन."

"तिसरा तर तिसरा," तो कोचना म्हणाला. मग मास्क तोंडावर ओढून त्या वेगवान पोराकडे वळला.

"चल, परत दुसऱ्यावर उभा राहा. तू एकदा वाचलायस."