पडद्यामागचं बदक

शेंगदाणा लेकीच्या, शुभाच्या ओठांपाशी येऊन थांबला होता — मघापासून तसाच — आणि मृणालिनी सिनेमा सोडून त्या शेंगदाण्याकडेच बघत होती. गणपतीतला सिनेमा, घाटकोपरच्या त्या मैदानात मधोमध ताणलेली चादर, पुढे पुरुष, पाठीमागे बायकापोरं, त्यामुळे फिल्मचं नावच उलटं उमटलेलं, आणि बी.ए. झालेल्या मृणालिनीला ते काही लागलं नव्हतं. कुठल्याशा परदेशातलं जुनं कार्टून. बदकाचं पिल्लू आपल्या सावलीला भितं, पळतं, दमतं... आणि मग चोचीतला दाणा तिच्यापुढे ठेवतं.

शुभा हसली. चार वर्षांची पोर, अजून एक शब्द नाही. "आमचा अण्णा पाचव्या वर्षी बोलला," श्यामसुंदर म्हणायचा, आणि नवऱ्याच्या तेवढ्या वाक्यावर ती महिना काढायची. एकदा तिने पाठीमागे ताट आपटून पाहिलं, तर शुभा वळली होती! पण ती फरशीवर बसलेली... फरशी हादरली असेल का? नको. आपण फार विचार करतो.

"पोर बघ कशी रंगलीय," शेजारची सुगंधा म्हणाली. "उद्या घरभर पकपक करीत फिरतली!"

मृणालिनीही मग बघू लागली. कुणी काढलं असेल हे, इतक्या मायेनं? सावली दाण्यावर वाकते, तिला तो उचलता येत नाही, आणि पिल्लू आपलं वाट बघत बसतं...

मशीन खरखरलं. संगीत तुटलं, चित्र चालूच.

"गेलो मेलो आवाज!" सुगंधा करवादली. पुढून शिट्ट्या, "ए, आवाऽज!" सगळी पोरं माना वळवून बघू लागली. सगळी. शुभाचं मात्र काहीच तुटलं नव्हतं. पिल्लानं सावलीभोवती गिरकी घेतली आणि ती खुदकन हसली, त्या गोंगाटात एकटीच, अगदी हसायच्या जागी.

"शुभा!" मृणालिनीनं हाक मारली. मग मोठ्यानं, "शुभाऽ!" सुगंधाच दचकली. खांद्याला हात लावला असता तर वळली असती. पण हात उचलवेना... वळली तर आईचा हा चेहरा दिसेल तिला. पडद्यापलीकडे श्यामसुंदर बसलेला, त्याला आता कोणत्या तोंडानं सांगायचं, आणि सांगून तरी —

आवाज भसकन परत आला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मृणालिनीला तो नको होता. आत्ता क्षणभर त्या दोघी एकच सिनेमा बघत होत्या. तिनं दोन्ही कान तळव्यांनी घट्ट दाबले, आणखी घट्ट... तरी तो येतच राहिला.